अडलं का काही? : सुपरकॉम्प्युटरवरचा पायथन

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की सुपरकॉम्प्युटरवर पायथन (प्रोग्राम लिहायची एक भाषा) चालवताना कोणाचं काही अडलं असेल तर कळवा. वाटलं दोन-तीन मेल येतील. पण बाप्पा, इनबॉक्सच भरला, आणि मजा म्हणजे त्यातले निम्मे मेल खेड्यातून. मी स्वतः मूर्तिजापूर तालुक्यातला. आमच्याच तालुक्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर, ज्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेने १९९१ मधे परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला, त्यामुळे सुपरकॉम्प्युटर हा शब्द आमच्याकडे शाळेपासून कानावर असते. कानावर असणं वेगळं अन रात्री दीड वाजता त्याच्यावर पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, बसवत बसणं वेगळं. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांचे क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) सांभाळले, आता घरी आहे, तुरीत डवरणी करतो आणि हा कॉलम लिहितो. कमांडा खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

प्रश्न (दर्यापूर तालुक्यातून, पीएचडी करणारी एक ताई): सर नमस्कार, मी फिजिक्समधे पीएचडी करून राहिली आहे. आयसिंग मॉडेलचा (चुंबकातल्या बारीक स्पिनांचं गणित) मॉन्टे कार्लो कोड (रँडम आकडे वापरून चालणारा) आहे माझा, पूर्ण पायथनमधे, लॅपटॉपवर एका टेम्परेचरला सहा तास लागतात. गाईडनी खूप खटपट करून सुपरकॉम्प्युटरवर अकाउंट मिळवून दिलं, मी ४८ कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र हिशोब करणारा भाग) मागितले, तोच कोड टाकला, तर आठ तास लागले! लॅबमधले सगळे हसून राहिले. माझं चुकलं काय?

उत्तर: हसू द्या ताई, त्यातल्या अर्ध्यांनी हेच केलेलं असते, फक्त सांगत नाहीत. सुपरकॉम्प्युटर म्हणजे एक लय फास्ट मशीन असं आपल्याला वाटते, पण तसं नसते ते. शेकडो-हजारो सर्व्हर जलद नेटवर्कने एकमेकांना बांधलेले असतात, एकेकाला नोड म्हणायचं, आणि नोडमधला एकेक कोअर तुमच्या लॅपटॉपच्या कोअरपेक्षा हळूच असू शकते, कारण एका चिपवर वीस-चोवीस किंवा त्याहून जास्त कोअर बसवायचे तर उष्णता आवरायला घड्याळ, म्हणजे कोअरचा वेग, कमी ठेवावं लागते. लॅपटॉपचा एकटा कोअर जोर लावून चार गिगाहर्ट्झच्या वर जाते, सर्व्हरवाला दोन-तीनच्या मधे फिरते. तुमचा कोड एकाच कोअरवर चालला म्हणून सहाचे आठ झाले.

मग बाकीचे ४७ काय करत होते? कापूस वेचायला ४८ बाया बोलावल्या अन एकीलाच पात दाखवली तर ४७ जणी बांधावर बसतील, पण संध्याकाळी मजुरी ४८ जणींचीच द्यावी लागेल. तुमच्या खात्यातून ८ गुणिले ४८, म्हणजे ३८४ कोअर-तास कापले गेले आणि कामाचे त्यातले फक्त ८.

आता तुम्ही म्हणाल, मग एसरनला, म्हणजे प्रोग्राम चालवायच्या कमांडला, एन ४८ देते. नका देऊ. त्याने तोच प्रोग्राम ४८ वेळा चालेल, ४८ ही प्रती एकच उत्तर काढतील आणि एकाच फाइलीत लिहायला भांडतील. पायथनला आपोआप कळत नाही की आजूबाजूला अजून कोअर आहेत. वरून त्याच्यात गिल नावाचं कुलूप आहे, एका प्रोसेसमधे (चालू प्रोग्राममधे) एका वेळी एकच थ्रेड (त्यातला कामाचा एक धागा) पायथनचा कोड चालवू शकते. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ पासून कुलूप नसलेली आवृत्ती निघाली आहे खरी, पण ती तुमच्या क्लस्टरवर असेल आणि तुमची सगळी पॅकेजं तिच्यावर सुखाने चालतील या भरवशावर मी तरी थीसिस लावणार नाही. नमपायचं, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजचं, म्हणाल तर त्याच्यातले मोठे मॅट्रिक्स गुणाकार, आयगेनव्हॅल्यू वगैरे ओपनब्लास किंवा एमकेएल या गणिताच्या लायब्रऱ्यांकडे (यांनाच ब्लास म्हणतात) जातात आणि ते सगळे कोअर वापरतात, पण साधी अ‍ॅरेची बेरीज एकाच कोअरवर होते. आणि तुमच्या कोडमधे तर फॉर लूपमधे एकेक स्पिन उलटवणं आहे, तिथे ब्लासचा संबंधच नाही.

तुमच्यासाठी मी असं करीन. आधी लॅपटॉपवरच तो आतला लूप वेगळ्या फंक्शनमधे काढून त्याच्यावर नंबा नावाच्या पॅकेजचं एनजिट लावा. असे लूप नंबाने तासांवरून मिनिटांवर आलेले मी कितीदा पाहिले, कारण तो लूपचं थेट मशीन कोडमधे भाषांतर करते. कदाचित तुम्हाला मग सुपरकॉम्प्युटर लागणारच नाही, आणि तसं झालं तर गाईडला सांगायची घाई करू नका! लागलाच तर तुमची टेम्परेचरं एकमेकांवर अवलंबून नाहीत हे सगळ्यात मोठं भाग्य आहे. समजा ६० टेम्परेचर आहेत, तर स्लर्ममधे, म्हणजे सगळ्यांची कामं (जॉब) रांगेला लावणाऱ्या प्रोग्राममधे, अ‍ॅरे जॉब टाका, अ‍ॅरे बरोबर ० ते ५९, प्रत्येकी एक कोअर. ६० वेगवेगळे छोटे जॉब होतात, जागा मिळेल तसे घुसतात. ४८ कोअर एकत्र मोकळे व्हायची वाट पाहणाऱ्या जॉबपेक्षा एक कोअरवाल्याला नंबर लवकर लागते.

इथे एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे. मी रँडम सीड (ज्या आकड्यापासून रँडम आकडे सुरू होतात तो) कोडमधे ४२ असा कायमचा लिहून ठेवला होता, सवयीने. अ‍ॅरे जॉब टाकला, शंभर रन झाले, एरर बार इतका बारीक आला की मी खुश. नंतर समजलं की शंभरही रन सेम टू सेम होते. त्यामुळे स्लर्म अ‍ॅरे टास्क आयडी नावाचं जे व्हेरिएबल प्रत्येक जॉबला वेगळं मिळते ते आणि तुमचा मूळ सीड असे दोन्ही मिळून नमपायच्या सीडसीक्वेन्सला द्या, नुसतं सीड अधिक एक-अधिक दोन करत बसण्यापेक्षा ते बरं.

आणि मशीनवर खरंच काय चालून राहिलं हे पाहायची सवय लावा. बहुतेक ठिकाणी तुमचा जॉब ज्या नोडवर आहे तिथे एसएसएच (दुरून लॉगिन) करता येते, तिथे टॉप (चालू प्रोग्रामांची यादी) मारायचं. सीपीयूच्या रकान्यात १०० दिसलं म्हणजे एक कोअर चालू आहे, ४८०० च्या जवळ दिसलं म्हणजे ४८. उलटा घोळ पण होते. मल्टिप्रोसेसिंगने ४८ प्रोसेस काढल्या आणि प्रत्येकीतल्या ब्लासने स्वतःचे ४८ थ्रेड काढले तर २३०४ थ्रेड ४८ कोअरवर ढकलाढकली करतात, काम पुढे सरकतच नाही. अशा वेळी ओएमपी नम थ्रेड्स हे व्हेरिएबल (सगळं कॅपिटल, मधे अंडरस्कोर) जॉब स्क्रिप्टमधेच १ करून टाका. पायथनच्या आत करायचं असेल तर इम्पोर्ट नमपायच्या आधीच्या ओळीत करा, नंतर केलं तर बहुतेक वेळा काही फरक पडत नाही.

प्रश्न (दिग्रसहून, एम.टेक.चा विद्यार्थी): दादा, मी रडकुंडीला आलो. पिपने (पायथनची पॅकेजं बसवायची कमांड) नमपाय इन्स्टॉल केलं, लॉगिन केल्यावर इम्पोर्ट नमपाय चालते, पण जॉबमधे "नो मॉड्यूल नेम्ड नमपाय". मग सिनियरचं ऐकून शेकडो पॅकेजं एकत्र देणारा पूर्ण अ‍ॅनाकोंडा टाकला तर फाइलींचा कोटा संपला म्हणते, जागा तर बाकी आहे! आता कसं तरी चालते पण २०० प्रोसेसचा जॉब टाकला की पहिली ओळ प्रिंट व्हायलाच दहा मिनिटं जातात. गावात नेट असं की एक पॅकेज उतरायला सकाळची संध्याकाळ होते.

उत्तर: तुझे प्रश्न चार दिसून राहिले पण मुळात विचारायचं एकच आहे भाऊ: कोणता पायथन, आणि तो ठेवला आहे कुठे.

लॉगिन केल्यावर विच पायथन मार आणि उत्तर कागदावर लिहून घे. मग जॉब स्क्रिप्टमधे तुझ्या प्रोग्रामच्या आधी एक ओळ टाक, जी सिस डॉट एक्झिक्युटेबल (कोणता पायथन) आणि सिस डॉट पाथ (तो पॅकेजं कुठे शोधते) प्रिंट करते. दोन्ही जुळणार नाहीत, मी पैज लावतो. तुझी स्क्रिप्ट सिनियरकडून आली असेल, त्याने ती त्याच्या सिनियरकडून घेतली असेल, आणि त्यात वर कुठेतरी मॉड्यूल लोड पायथन अशी ओळ असेल. ती ओळ मशीनवरचा दुसराच पायथन पाथमधे सगळ्यात पुढे आणून ठेवते, तुझं नमपाय ज्याच्यात आहे तो मागे राहते. या स्क्रिप्टा म्हणजे आमच्याकडच्या फेरफारासारख्या आहेत, कोणी कधी घातलेलं नाव आहे ते कोणालाच माहीत नसते पण काढायची हिंमत होत नाही.

दुसरा चोर म्हणजे होममधलं डॉट लोकल फोल्डर. पिपला युजर असं सांगून केलेलं सगळं तिथे जाऊन बसते, आणि त्याच व्हर्जनचा कोणताही पायथन, समजा ३.९, मॉड्यूलचा असो का कोंडाचा (अ‍ॅनाकोंडाची पॅकेज बसवायची कमांड), ते वाचते. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी टाकलेलं नमपाय आजच्या सायपाय या दुसऱ्या पॅकेजच्या मधे तंगडी घालते. पायथन नो युजर साइट हे व्हेरिएबल १ कर, किंवा सरळ त्या फोल्डरचं नाव बदलून पहा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

मी कोणत्याही नवीन मशीनवर असं करतो. मॉड्यूल पर्ज, म्हणजे आधीचं सगळं खाली. मग मशीनवाल्यांनी दिलेला एकच पायथन मॉड्यूल लोड. मग त्याच्यातून व्हेन्व्ह (पॅकेजांचं वेगळं फोल्डर), पण होममधे नाही, प्रोजेक्टसाठी जी मोठी जागा दिलेली असते तिथे. आणि पिप नुसता कधीच नाही, नेहमी पायथन डॅश एम पिप, म्हणजे कोणत्या पायथनचा पिप हा प्रश्नच उरत नाही. ज्या चार-पाच ओळींनी हे झालं त्याच ओळी तशाच्या तशा जॉब स्क्रिप्टमधे, पर्जसकट. कोंडाच पाहिजे असेल तर मिनिफोर्ज (कोंडाचा छोटा अवतार) घे आणि लागतील तेवढीच पॅकेजं टाक, पूर्ण अ‍ॅनाकोंडा म्हणजे मुंजीला अख्खं गाव जेवू घालण्यासारखं आहे.

नेटचं म्हणशील तर कंप्यूट नोडला (जिथे जॉब चालते तो) बाहेरचं नेट बहुतेक नसतेच, त्यामुळे जॉबमधे पिप इन्स्टॉल लिहिलं असशील तर ते तिथे लटकून राहील. जे करायचं ते लॉगिन नोडवर, म्हणजे आपण आत शिरतो तिथे. तिथून खाली उतरवलं तर पॅकेज थेट सर्व्हरवर येते, तुझ्या दिग्रसच्या टॉवरचा त्यात काही संबंध नाही, तुझ्या नेटवरून जातात ती फक्त तू टाइप केलेली अक्षरं. मधेच कनेक्शन तुटू नये म्हणून आधी टीमक्स सुरू कर आणि त्याच्या आत काम कर, तुटलं तर पुन्हा लॉगिन करून टीमक्स अटॅच, जिथे होतं तिथेच सापडते. काही ठिकाणी लॉगिन नोडलाही नेट नसते, मग घरी पिप डाउनलोडला प्लॅटफॉर्म मेनीलिनक्स असं सांगून व्हील फाइली (तयार बांधलेली पॅकेजं) उतरवायच्या (घरी विंडोज असला तरी चालते) आणि आरसिंक (फाइली पाठवायची कमांड) कॅपिटल पी ने चढवायच्या, नेट गेलं तर परत तिथूनच सुरू होते. फक्त एक पाहून घे, सर्व्हरवर एलडीडी व्हर्जन मारून ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) किती आहे ते. जुन्या सेंटओएस ७ या लिनक्सवर २.१७ असते आणि नवीन व्हील बऱ्याचदा २.२८ मागतात, अशा वेळी पिप ते व्हील घेतच नाही आणि माणूस उगाच पायथनला शिव्या देते.

आता कोटा आणि ती दहा मिनिटं. हे नीट समजून घे कारण हे कोणी सांगत नाही. सुपरकॉम्प्युटरची डिस्क म्हणजे बहुतेक लस्टरसारखी समाईक फाइल सिस्टीम असते. तिचं काम जिनिंगसारखं समज. माल ठेवायला गोदामं भरपूर, हमाल भरपूर, पण कोणाचा माल कोणत्या गोदामात आहे याची वही एका मुनीमजवळ. शंभर क्विंटल कापूस एका ट्रकमधे आणला तर वहीत एक नोंद, काम फटाफट. तोच कापूस पावशेर-पावशेरच्या चाळीस हजार पुड्यांमधे आणला तर गोदाम रिकामं राहील अन मुनीम मरून जाईल. लस्टरमधल्या त्या मुनीमाला मेटाडेटा सर्व्हर म्हणतात. कोंडाचं वातावरण (एन्व्हायर्नमेंट, पायथन अन पॅकेजांचा संच) म्हणजे हजारो बारीक फाइली, पूर्ण अ‍ॅनाकोंडा तर लाखाच्या घरात जाते, म्हणून जागा शिल्लक असून फाइलींचा आकडा संपला. आणि इम्पोर्ट म्हणजे काय, तर पायथन सिस डॉट पाथमधल्या प्रत्येक फोल्डरपाशी जाऊन विचारते, इथे आहे का, इथे आहे का. एक प्रोसेस असताना कळत नाही. २०० प्रोसेस एकाच क्षणी शेकडो फाइली विचारायला लागल्या की मुनीमापुढे रांग लागते आणि त्या रांगेत तुझ्यासकट मशीनवरचे बाकीचे युजर पण अडकतात. पायथनला डॅश एक्स इम्पोर्टटाइम देऊन पहा, कोणतं पॅकेज किती वेळ खाते ते छापून येते.

उपाय म्हणजे पुड्या एका पोत्यात भरणं. बहुतेक मशीनवर अ‍ॅपटेनर असते, पूर्वी त्याला सिंग्युलॅरिटी म्हणायचे. त्याची सगळी इमेज एकच एसआयएफ फाइल, आतमधे पायथन, नमपाय, सगळं. मुनीमाच्या वहीत एकच नोंद. तुझ्या २०० प्रोसेसच्या जॉबला मी हेच सुचवीन. अ‍ॅपटेनर नसेल तर वातावरणाची एक टार फाइल करून जॉबच्या सुरुवातीला प्रत्येक नोडच्या स्वतःच्या टेम्प डिस्कवर सोडायची आणि तिथून चालवायचं, कोंडासाठी कोंडा-पॅक नावाचं साधन त्यासाठीच आहे. त्यात मिनिटभर जाते पण दहा वाचतात.

वर प्रोजेक्टची जागा म्हटलं, स्क्रॅच (तात्पुरत्या फाइलींची जागा) नाही म्हटलं, ते मुद्दाम. स्क्रॅचवर बहुतेक ठिकाणी ठराविक दिवस न वापरलेल्या फाइली आपोआप पुसल्या जातात, आणि हे वेलकम मेलमधे लिहिलेलं असते, जो कोणीच वाचत नाही. मी नव्हता वाचला. दिवाळीला गावी आलो, परत गेलो तर पायथन सुरू होत होता पण निम्मी लायब्ररी गायब, आणि सोबत तीन महिन्यांचं आउटपुट. कोणाला बोलणार, मेल होता ना.

प्रश्न (वरूड तालुक्यातून, बी.एस्सी. अ‍ॅग्री): आमच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे. मला आमच्या तालुक्याच्या १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाचा अभ्यास करायचा आहे, आंबिया आणि मृग बहाराच्या हिशोबाने. एवढ्या मोठ्या डेटासाठी सुपरकॉम्प्युटर कसा मिळेल?

उत्तर: मिळू नये. रागावू नको, हिशोब करून पाहू. हवामान खात्याचा पाव अंशाचा रोजचा पाऊस आहे, त्याची जाळी १३५ गुणिले १२९, म्हणजे पूर्ण देशाला धरून १७,४१५ चौकोन. वर्षाचे ३६५ दिवस, एका आकड्याला ४ बाइट, तर एक वर्ष झालं साधारण २५ एमबी. सव्वाशे वर्षं धरली तरी तीन जीबीच्या थोडं वर. हे तुझ्या कॉलेजच्या जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर मावते. आयएमडीलिब नावाचं पायथन पॅकेज ह्या फाइली उतरवून उघडून देते, पुढे जाळीच्या डेटाचं पॅकेज असलेल्या एक्सअ‍ॅरेने तुझ्या अक्षांश-रेखांशाचा चौकोन काप. उरतात ४५ हजाराच्या आसपास आकडे, व्हॉट्सॲपवर आलेल्या गुड मॉर्निंगच्या फोटोएवढे.

एक लक्षात ठेव, पाव अंश म्हणजे २७-२८ किलोमीटर. तुझ्या तालुक्याला एखाद-दोन चौकोन येतील, तुझ्या बगीच्याला वेगळा पाऊस त्यात नाही, आणि कितीही मोठं मशीन आणलं तरी जे मोजलंच नाही ते त्याच्यातून निघणार नाही. आणि आकडे वाचताना उणे ९९९ दिसले तर ते "माहिती नाही" चं चिन्ह आहे, ते न काढता सरासरी काढलीस तर वरूडला उणे पाऊस पडेल.

सुपरकॉम्प्युटर लागते उद्याचा पाऊस काढायला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेमधे अर्क नावाचं मशीन आहे, त्याच्यावर मे २०२५ पासून ६ किलोमीटर जाळीचं भारत फोरकास्ट सिस्टीम हे हवामान अंदाजाचं मॉडेल चालते, आधी ती जाळी १२ ची होती. १२ चे ६ केले की चौकोन चौपट होतात, आणि वेळेची पावलं पण निम्मी टाकावी लागतात, म्हणजे काम साधारण आठपट. तिथे मशीन पाहिजे. तुले एक शनिवार-रविवार पुरतो.

प्रश्न (हिंगणघाटहून): एमपीआय-फोर-पाय (एमपीआय म्हणजे प्रोसेसना एकमेकींशी बोलू देणारी लायब्ररी, हे तिचं पायथन पॅकेज) वापरून चार प्रोसेस टाकल्या, प्रत्येक प्रोसेस म्हणते मी ० नंबरची आणि एकूण १. एरर काहीच नाही. काऊन?

उत्तर: कारण तुझ्या पॅकेजसोबत दुसराच एमपीआय आला आहे. क्लस्टरवर त्यांचा स्वतःचा एमपीआय असते, तिथल्या नेटवर्कसाठी बांधलेला, आणि एसरन त्याच्याशी बोलते. तू कोंडाने किंवा तयार व्हीलने घेतलास तर सोबत भलताच एमपीआय येऊ शकते, त्याला एसरनची भाषा समजत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटते मी एकटाच. मशीनचा एमपीआय मॉड्यूल लोड कर, विच एमपीआयसीसी करून तोच दिसते का पहा, जुना काढून टाक, आणि मग पिपला नो बायनरी आणि नो कॅश डिर सांगून तिथेच कंपाइल करून घे. तपासायला एसरन एन ४, पायथन डॅश एम एमपीआय-फोर-पाय डॉट बेंच हेलोवर्ल्ड. ० ऑफ ४ पासून ३ ऑफ ४ पर्यंत आलं की झालं. तरीही एकटेपणा गेला नाही तर एसरनला एमपीआय बरोबर लिस्ट विचार, एसरन आणि एमपीआयमधली भाषा पीएमआय-२ आहे की पीएमआयएक्स ते जुळवावं लागते.

जाता जाता, नमपायचे अ‍ॅरे पाठवताना मोठ्या एसवाला सेंड वापर. लहान एसवाला आधी सगळं पिकल करते (बाइटांच्या पुडक्यात बांधते), मग पाठवते. सही दिसते पण मोठ्या अ‍ॅरेला रडवते.

प्रश्न (अचलपूरकडून, एक वडील): भाऊ, माहा पोरगा एम.एस्सी. झाला, घरूनच काम करते. परवा दिवसभर लाईन नोती, हा खाटेवर पडून. म्हटलं काम कर, तं म्हणते बाबा काम चालूच आहे, पुण्याले चालून राहिलं. मले काई कॉम्प्युटर समजत नाई. हे खरं आहे का थापा मारते?

उत्तर: खरं आहे काका. तुमच्या विहिरीवर मोबाईलवाला स्टार्टर असेल तर बघा, बटन घरून दाबता, मोटर शेतात चालते. एकदा चालू झाली की फोन डिस्चार्ज झाला तरी पाणी पडतच राहते. त्याचं तसंच आहे. घरच्या लॅपटॉपवरून त्याने फक्त एसबॅच नावाचं बटन दाबलं, म्हणजे नंबर लावला. नंबर आला की पुढचं सगळं तिकडच्या मशीनवर होते, तिथे लाईन जात नाही.

पण थापा पकडायचा उपाय पण सांगतो. लाईन आली की त्याले म्हणा एसक्यू करून दाखव. एक यादी येईल, त्यात त्याच्या नावाच्या ओळीत एसटी लिहिलेल्या रकान्यात आर असेल तर काम खरंच चालू आहे. पीडी असेल तर अजून रांगेत आहे. आणि यादीत त्याचं नावच नसलं तर एक तर काम झालं, नाही तर मेलं, आणि कोणतं ते त्याचं तोंड पाहूनच कळेल.

तुमच्या पोराले माझा एक निरोप द्या. जॉबला जेवढा वेळ मागितला तेवढा संपला की स्लर्म मारून टाकते, काम ९९ टक्के झालं असलं तरी. त्यामुळे दर अर्ध्या तासाने मधली स्थिती फाइलीत लिहून ठेव, आधी टेम्प नावाने लिही आणि पूर्ण लिहून झाल्यावर नाव बदल, नाही तर नेमका लिहितानाच जॉब मेला तर जुनीही गेली अन नवीही. आणि पायथनला डॅश यू दे, कारण आउटपुट फाइलीत जात असलं की प्रिंट केलेलं आधी मेमरीत साचते, जॉब मारला गेला की शेवटच्या ओळी त्याच्यासोबत जातात अन तू पाहत बसतो की कुठवर आलं होतं.

प्रश्न (पुसद तालुक्यातल्या एका कॉलेजचे प्राध्यापक): आमच्या मुलांना सुपरकॉम्प्युटरचा अनुभव कसा देता येईल? अकाउंट मिळणं आमच्यासारख्या कॉलेजला जमेल असं वाटत नाही. लॅबमधे सात-आठ जुने पीसी पडून आहेत.

उत्तर: सर, अकाउंटचा प्रयत्न सोडू नका. २०१५ मधे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन ४५०० कोटींचं मंजूर झालं, २०१९ मधे बनारसच्या आयआयटीत परम शिवाय नावाचा सुपरकॉम्प्युटर आला, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेमधे परम ब्रह्म आहे, नंतर बरेच झाले. जिथे मशीन आहे तिथल्या एखाद्या प्राध्यापकाबरोबर एखादा छोटा का होईना पण खरा विषय घेऊन अर्ज करा. नुसता "मुलांना अनुभव" म्हणून केलेला अर्ज मागे पडते हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

पण तोवर ते जुने पीसी सोनं आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात ताकदवान मशीनांच्या टॉप ५०० यादीतले पाचशेच्या पाचशे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, आणि स्लर्म फुकट आहे, तोच स्लर्म, खेळण्यातला नाही. दोन पीसी घ्या, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, साध्या स्विचने जोडा. एकाला लॉगिन आणि कंट्रोलर करा, दुसऱ्याला कंप्यूट. होम फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची सोय) दोघांत समाईक करा, म्हणजे जॉब दुसरीकडे चालला तरी फाइल इकडे दिसते हे मुलांना डोळ्यांनी कळते. दुसऱ्या पीसीचं बाहेरचं नेट मुद्दाम बंद ठेवा. वरच्या दिग्रसवाल्याचे निम्मे घोळ त्यांना पहिल्याच आठवड्यात तिथे सापडतील, आणि मी म्हणतो सापडू द्या, लगेच सोडवून देऊ नका. मुलांनी विंडोजच्या नोटपॅडमधे जॉब स्क्रिप्ट लिहून आणली की एसबॅच "डॉस लाइन ब्रेक्स" (विंडोजची ओळ संपायची खूण वेगळी असते) म्हणून परत पाठवेल, त्यावर डॉस-टू-युनिक्स मारायचं, हा पण अभ्यासक्रमच आहे.

तुम्ही स्वतः अडाल ते एकाच ठिकाणी, मंजपाशी. दोन मशीनची ओळख पटवायचं काम मंज करते. त्याची की फाइल दोन्हीकडे तीच पाहिजे, तिचे हक्क मंज युजरकडेच पाहिजे, आणि दोन्हीची घड्याळं जुळली पाहिजेत. पाच मिनिटांच्या वर फरक पडला की तो ओळख नाकारते, स्लर्म म्हणते नोड डाउन, आणि तुम्ही केबल तपासत बसता. जुन्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल गेलेला असते, लाईन गेली की त्याचं घड्याळ कुठच्या कुठे मागे जाते. क्रोनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) लावाच, पण त्याआधी सगळ्या पीसींचे ते नाण्यासारखे सीआर २०३२ सेल बदलून घ्या, पुसदच्या कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतात.